अकरा कोरी लेबलं

४ फेब्रुवारी

ताई,

फोनच केला असता, पण फोन बाबांच्या खुर्चीशेजारी आहे. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासून त्यांचे डोळे तयार झाले असं सगळे म्हणतात, पण खरे तिखट आहेत ते कान. म्हणून पत्र.

आई गेली त्याला पाच महिने झाले आणि बाबा जेवत नाहीत. अगदीच नाही असं नाही. सकाळी अर्धा कप दूध, संध्याकाळी पावाची एक कड. काल दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलं, शेहेचाळीस किलो. सप्टेंबरात त्रेपन्न होते. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, खायला घाला. जसं काही मी ताट लपवून ठेवलंय.

खरी भानगड दुकानात आहे. ते आता माझ्याबरोबर सामान आणायला येतात. तुला माहीत आहेच, हल्ली प्रत्येक पुडक्यावर लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठिपका असतो. लाल दिसला की बाबा हात मागे घेतात. हिरवा असला की पुडकं उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचतात, त्यात एखादा आकडा जास्त निघतो, आणि तेही फळीवर परत. शनिवारी दीड तास फिरलो आणि काड्यापेटी घेऊन घरी आलो. त्यांच्या मनाने घेतलंय की त्यांनी स्वतः आणलेल्या सामानामुळेच आई गेली.

ताई, या घरातलं अजून एक माणूस मला जाऊ द्यायचं नाहीये. तुझं कामच लेबलांचं आहे. काहीतरी सुचव.

धाकटा

९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचून रडायला आलं आणि काड्यापेटीपाशी हसायलाही आलं. म्हातारा कठीण आहे.

माझं काम म्हणजे काय ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही खोटं दुकान मांडलंय. फळ्या खऱ्या, ढकलगाड्या खऱ्या, वर पांढरे दिवे. पुडकी मात्र सगळी खोटी, वजनासाठी आत कोंडा भरलेला. लोकांना बोलावतो, आठवड्याचं सामान घ्या म्हणतो, आणि कोणतं लेबल बघून कोणाचा हात कुठे जातो ते टिपतो. बाहेर पडताना मी दाराशी बसून विचारते, हे का घेतलंत, लेबलवर काय लिहिलं होतं. एवढीच माझी नोकरी. बाकी सगळ्या दुकानांना वास असतो, आमच्या दुकानाला काहीच वास नाही. पहिले काही दिवस मला त्याचीच भीती वाटायची.

तर ऐक. बाबांना शब्द हवा आहे, आकडा नको. सोबत अकरा लेबलं पाठवते. हिरवी कड, मध्ये कोरं. तुलना करायला म्हणून आम्ही काही पुडक्यांवर अशी काहीच न छापलेली लेबलं लावतो, त्यातली ही उरलेली. खरं तर बाहेर न्यायची नसतात, पण कोऱ्या कागदाची कसली आलीय चोरी. घरातल्या डब्यांवर चिकटव आणि त्यावर आपल्या हाताने सुवाच्य लिही, ‘तपासलेले, खाण्यास योग्य’. सुवाच्य म्हटलंय. तुझं अक्षर बघून बाबा उरलेलं दूधही सोडतील.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

तुला कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालंय.

अकराही डब्यांवर लेबलं लावली. आईचेच जुने ॲल्युमिनियमचे डबे. लिहायला पेन शोधत होतो, तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरात आले. सूपचा डबा समोर होता. लेबलावर लिहिलेलं वाचलं, ‘हे चालेल’. अक्षर आईचं. तिचा तो पोट सुटलेला ‘ह’ आणि शेवटच्या ‘ल’ची शेपटी. मग खुर्ची ओढून बसले आणि वाटीभर सूप प्यायले. दुसरी वाटी मागितली.

मी पेन परत खिशात ठेवला. लिहायची गरजच उरली नाही.

आता रोज दोन वेळा जेवतात. दर वेळी आधी डबा बघायचा, काय लिहिलंय ते वाचायचं, मग चमचा. मजकूर रोज थोडा वेगळा असतो. काल बटाट्यांच्या डब्यावर होतं, ‘सावकाश खा’. हे तर आईचंच बोलणं. एकोणपन्नास किलो झाले. डॉक्टर म्हणाले, काय जादू केलीत. मी म्हटलं, आमची ताई सरकारमान्य मांत्रिक आहे.

धाकटा

२६ फेब्रुवारी

धाकट्या,

तीन किलो. मी इथे बाकीच्या मुलींना चहा पाजला.

पण एक सांगू? तुझं पत्र वाचून मी दाराशी विचारलेल्या प्रश्नांची जुनी वही काढली. कोरं लेबल घेणाऱ्यांची पानं मी नुसती भरत गेले होते, वाचली कधी नव्हती. दहातल्या आठ जणांनी सगळी रंगीत लेबलं सोडून कोरंच उचललंय. त्यावर काय लिहिलं होतं, याला एकानेही ‘काही नाही’ असं उत्तर दिलेलं नाही. एक गवंडी म्हणतो, ‘गुडघ्यांसाठी’. एक बाळंतीण म्हणते, ‘बाळाला चालेल’. एका बाईंनी तर दारात पुडकं परतच दिलं नाही. छातीशी धरून म्हणाल्या, यावर माझ्या मुलाचं नाव आहे. मी आणि इथल्याच आणखी एका मुलीने मिळून ते सोडवून घेतलं. आत कोंडा होता रे.

आमच्या प्रमुख मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, लोक लेबल वाचतच नाहीत, आपल्या मनातलं वाचतात, हाच तर निष्कर्ष. असेल. बाबांचंही तसंच असेल आणि ते जेवतायत तोवर माझी काही तक्रार नाही. तरी तू चष्म्याच्या दुकानात बसतोस, एकदा त्यांची नजर तपासून घे.

आणि एक राहिलं. बाबांनी आणलेल्या सामानामुळे, असं तू मागे लिहिलंस. पण दर शनिवारी सामान तर तूच आणायचास ना?

ताई

१२ मार्च

ताई,

नजर तपासली. तक्त्यावरची शेवटची ओळही धडाधड वाचली, नंबर तोच. तरी मी म्हटलं, चष्म्याच्या माणसाने चष्म्यानेच उत्तर द्यावं. जवळचं चांगलं मोठं दिसेल असं जोरदार भिंग घासून नवा चष्मा तयार केला. हेतू साधा होता. कोरं असेल तर भिंगातून कोरंच दिसेल, आणि हा खेळ आपोआप संपेल.

झालं उलटंच. भिंगातून खालची बारीक ओळही दिसायला लागली. आधी तिथे ओळ आहे हेच कळत नव्हतं. वरचा मजकूर प्रत्येक डब्यावर वेगळा, पण खालची ओळ अकराही डब्यांवर एकच. तारीख आहे. अमुक तारखेपर्यंत वापरावे, अशी असते ना, तशी.

घाबरू नकोस. बाबा बावन्न किलो झालेत, गालांवर रंग आलाय. कालच्या डब्यावर होतं, ‘हे फक्त ह्यांच्यासाठी’. आई बाबांना ‘हे’च म्हणायची.

शनिवारच्या सामानाचं विचारलंस. कोणी आणलं त्याने आता काय फरक पडतो.

धाकटा

१७ मार्च

धाकट्या,

फरक पडतो की नाही ते नंतर बघू. आधी ती लेबलं काढ. गरम पाण्यात फडकं भिजवून ठेवलं की सुटतात, मी रोज काढते.

कारण सांगते. वही परत वाचली, पानन् पान. एक निवृत्त शिक्षिका होत्या. नीटनेटक्या, केस घट्ट बांधलेले, माझ्या वहीतली एक चूकसुद्धा त्यांनी जाता जाता दाखवली होती. त्यांच्या पानावर मीच लिहून ठेवलंय, ‘बाई विचारतात, तुमच्या सगळ्या मालावर एकच तारीख कशी?’ तेव्हा वाटलं, वय झालंय. पुढे तारीखही लिहिलीय, ती गेल्या महिन्यातच होऊन गेली. महिन्यानंतर प्रत्येकाला फोन करून चौकशी करायची असते, म्हणून काल केला. फोन त्यांच्या भाचीने उचलला. म्हणाली, मावशी आता इथे नसते. मी कुठे असतात विचारेपर्यंत तिने फोन ठेवला. पुन्हा करायची माझी हिंमत झाली नाही.

कदाचित गावाला गेल्या असतील. मुलीकडे असतील. मी स्वतःला हेच सांगतेय.

तुझ्या डब्यांवरची तारीख कोणती? पोस्टाने नको, फोन कर. बाबांनी ऐकलं तर ऐकू दे.

ताई

२ एप्रिल

धाकट्या,

पंधरा दिवस झाले. फोन केला की बाबा उचलतात आणि म्हणतात, तो दुकानात आहे, आम्ही बरे आहोत, तू बरी आहेस का. त्यांचा आवाज खणखणीत आहे, पण ते बोलताना मध्येच थांबतात, शेजारी कोणी उभं असल्यासारखे. लेबलं काढलीस का? एका ओळीचं तरी उत्तर पाठव.

ताई

६ एप्रिल

ताई,

काढली नाहीत. काढणारही नाही. बाबा चोपन्न किलो आहेत, आई होती तेव्हापेक्षाही एक किलो जास्त. ज्याने माणूस वाचला ते खरवडून टाकायचं, हा कुठला न्याय.

तारीख एकवीस एप्रिल. ती वाईटच असेल असं का धरून चालतेस? तारखेपर्यंत माल चांगला राहतो, एवढाच तिचा अर्थ असतो. तोवर डबे पुरतील एवढं मी बघतोय. सगळं मोजून ठेवलंय.

तू येऊ नकोस. तुझ्या नावाचं इथे कुठेच काही लिहिलेलं नाही. मी सगळे डबे बघितले.

धाकटा

१३ एप्रिल

चि. मोठीस,

अनेक आशीर्वाद. तुझा भाऊ तुला पत्रं लिहितो हे मला पहिल्यापासून माहीत आहे. काय लिहितो ते माहीत नव्हतं. काल तो अंघोळीला गेला तेव्हा तुझी आलेली पत्रं मी वाचली. मुलांची पत्रं वाचू नयेत, पण वाचली.

मोठ्ये, तुझी लेबलं कोरी आहेत. मला ती पहिल्या दिवसापासून कोरीच दिसतात. चाळीस वर्षं मी छापलेलं आणि न छापलेलं यातला फरक सांगूनच पोट भरलं. मी काही वाचलं नाही. वाचतो तो.

त्या दिवशी तो सूपचा डबा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, बाबा, बघा, आईने लिहिलंय, हे चालेल. मी डबा बघितला, मग त्याचं तोंड बघितलं. पाच महिन्यांत त्याने आईचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि प्यायलो. दुसरी वाटी मागितली तेव्हा तो हसला. तेव्हापासून तो वाचतो आणि मी खातो. आधी मी खात नव्हतो हे खरं आहे, घशाखाली उतरत नव्हतं. पण मी आणलेल्या सामानामुळे ती गेली असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. सामान तो आणायचा.

डॉक्टरांनी तिला मीठ कमी सांगितलं होतं. त्याने दुकानात हिरवा ठिपका आणि ‘हृदयाची काळजी’ असं लिहिलेलं सूप बघितलं, खूश झाला, आणि वर्षभर दर शनिवारी तेच आणलं. पुडकं कधी उलटं केलं नाही. ती गेल्यावर आठवड्याने केलं. मागे मीठ किती ते लिहिलेलं होतं, तसल्या बारीक अक्षरांत, जी वाचता यावीत म्हणून लोक त्याच्याकडे चष्मे करायला येतात. डॉक्टरांनी त्याला बसवून सांगितलं की सुपाने माणूस जात नाही, तिचं हृदय मुळातच थकलं होतं. त्याने मान हलवली. माझा मुलगा मान हलवतो तेव्हा त्याने काही ऐकलेलं नसतं.

दुकानात पुडकी उलटी करणारा तोच. दीड तास फिरणारा तोच. मी नुसती ढकलगाडी धरून उभा होतो.

तो जोरदार भिंगाचा चष्मा माझ्यासाठी केला असं त्याने लिहिलं असेल. तो त्याच्याच नाकावर आहे. झोपतानासुद्धा काढत नाही. माझं वजन वाढलं तेही खरं, त्याचं त्याने लिहिलं नसेल. डब्यावर ‘हे फक्त ह्यांच्यासाठी’ असं आहे म्हणून तो एक घास तोंडात घालत नाही. दुकानात खाऊन आलो म्हणतो. कंबरपट्ट्याला त्याने तिसरं नवं भोक पाडलंय. मी त्याच्या देखत पोट फुटेस्तोवर जेवतो, की बघून तरी भूक लागेल. माझं संपलं की तो डबा पुसतो आणि फळीवर ठेवतो, लेबल पुढे करून.

खालच्या ओळीत तारीख आहे एवढं त्याने मला सांगितलं. कोणती ते सांगत नाही. तुला सांगितली असेल तर कळव आणि निघून ये. माझ्याच्याने हा खेळ सुरू ठेववत नाही आणि मोडवतही नाही.

बाबा

१७ एप्रिल

बाबा,

एकवीस. येत्या एकवीसची तारीख आहे.

इथे आमचा हॉल परवा बंद केला. मॅडमनी कारण दिलं नाही. फळ्या उचलायला माणसं आली तर दाराबाहेर साठेक लोक उभे होते, सगळे आमच्या दुकानात येऊन गेलेले. कोणी आरडाओरडा करत नव्हतं, काही मागत नव्हतं. हातात रिकाम्या पिशव्या घेऊन नुसते दाराकडे बघत होते. मी मागच्या वाटेने निघाले.

लवकरात लवकर एकवीसला संध्याकाळी सातला पोचते, त्याआधी गाडीच नाही. तोवर त्याला एकटा सोडू नका. लेबलं कोरी आहेत असं त्याला सांगू नका, त्या बाईंच्या हातातून आम्ही पुडकं ओढून घेतलं तेव्हा त्या ज्या आवाजात रडल्या तो मी विसरलेले नाही. त्याला खायला घाला, बाबा. कसंही करून, पण घाला. चूक माझी आहे, कोरा कागद म्हणून मी पाठवला.

तुमची मोठी

२१ एप्रिल, दुपार

चि. मोठीस,

तू संध्याकाळी येशीलच. पण तू येशील तेव्हा तो समोर असेल आणि हे त्याच्या समोर बोलता येणार नाही. म्हणून लिहून ठेवतो, हळूच तुझ्या हातात देईन. वाच आणि फाडून टाक.

आधी चांगलं सांगतो. तो जेवला. आत्ता आत झोपला आहे. श्वास नीट चालू आहे, मी दर थोड्या वेळाने जाऊन बघतो.

सकाळी उठलो तर तो स्वच्छ कपडे घालून, दाढी करून टेबलाशी बसला होता. अकरा डबे ओळीने मांडलेले. म्हणाला, बाबा, तुम्ही जेवून घ्या, आज शेवटचा दिवस आहे. कोणाचा ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याच्या मनगटाचं हाड बघितलं आणि मला एकदम राग आला. इतके दिवस मी हसत मुकाट खात होतो, त्याचा सगळा राग.

मी कपाटातून माझी जुनी लाल शाई काढली. टाक काढला. त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो, छापलेलं चुकलं तर मजकूरच नाही असं म्हणत नसतात, दुरुस्त करतात. माझा सगळा जन्म त्यात गेला. यात चूक आहे. तारीख कुठे आहे तिथे बोट ठेव.

त्याने मान वर केली. म्हणाला, तुम्हाला दिसत नाही का? मी म्हटलं, माझं वय झालंय, तू दाखव. त्याने पहिल्या डब्यावर खालच्या कडेशी बोट ठेवलं. ते बाजूला करवून मी तिथे लाल रेघ मारली, खोडल्याची खूण केली. मग विचारलं, ‘फक्त ह्यांच्यासाठी’ कुठे आहे? त्याने दाखवलं. तेही खोडलं आणि समासात लिहिलं, ‘दोघांसाठी’. खाली माझी जुनी सही केली, छापखान्यात प्रत्येक पानाखाली करायचो ती. सही झाली की पान बदलत नसे, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

तो किती तरी वेळ डब्यावर वाकून बसला. मग म्हणाला, खोडलेलंच दिसतंय. आणि रडला, मोठ्ये, सात महिन्यांचं रडला. मी पुडकं उलटं करायला हवं होतं, म्हणाला. मी म्हटलं, हो, हवं होतं. खोटं कशाला बोलू? आणि म्हटलं, आता जेव. मी भरवलं. त्याने दोन वाट्या सूप घेतलं, एक उकडलेलं अंडं, पावाचे तीन तुकडे. चष्मा स्वतःच काढून ठेवला.

बाकीचे डबे आम्ही जेवण झाल्यावर दुरुस्त करायला घेतले. तो डोळे बारीक करून शोधायचा, बोट ठेवायचा, मी खोडायचो, सही करायचो. अगदी जुन्या दिवसांसारखं, एक वाचतोय आणि एक दुरुस्त करतोय. शेवटी शेवटी त्याला झोप आवरेना. दहाव्या डब्यानंतर मीच त्याला म्हटलं, जा, पड.

अकरावा डबा राहिला होता. तो अजून खुर्चीवरून उठत होता, त्याचं बोट माझ्यासमोर नव्हतं. माझा टाक आपोआप बरोबर त्या जागी गेला. मी थांबलो. माझा चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

एकवीसच होती. बारीक, स्वच्छ, ठळक. आणि वर एक ओळ होती, ती मी तुला सांगणार नाही. आईचं अक्षर, आईचं अक्षर, असं तो इतके दिवस म्हणत होता आणि मी मान डोलावत होतो. तुझ्या आईच्या हातच्या याद्या, निरोप, पत्रं मी अठ्ठेचाळीस वर्षं वाचली आहेत. तिचं अक्षर मला अंधारात ओळखता येईल.

ते तिचं नव्हतं. कोणीतरी तिचं अक्षर गिरवलेलं होतं, आणि फार चांगलं गिरवलेलं होतं.

मी ते दोनदा खोडलं, सही केली आणि डबा पाण्यात टाकला. आता साडेतीन वाजलेत. तू सातला येशील.

बाबा